हातांना पुन्हा कामाला लावणाऱ्या कमलाबाई

सात रस्ता, सोलापूर : माग, सूत, माती, लाकूड आणि रंग ही पोट भरण्याची साधने आहेत, हे सोलापूरकरांना वेगळे सांगावे लागत नाही. परंतु हीच साधने रुग्णालयाच्या वॉर्डात औषधाइतकी मोलाची ठरू शकतात, आणि ती रुग्णाच्या हाती देणाऱ्यालाही रीतसर शिक्षण घ्यावे लागते, हा विचार आपल्याकडे रुजविण्याचे मोठे श्रेय अमेरिकेत जन्मलेल्या एका मराठी सुनेकडे जाते. कमला विष्णू निंबकर हे त्यांचे नाव. १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांच्या पुढाकाराने व्यवसायोपचाराचे शिक्षण देणारी शाळा सुरू झाली. भारतातीलच नव्हे, तर आशियातील ती पहिली शाळा मानली जाते.

आज कला आणि आरोग्य यांची सांगड घालण्याविषयी बरेच बोलले जाते. चित्रकार, गायक, नर्तक आणि नाट्यकर्मी यांनी रुग्णांसाठी व माजी सैनिकांसाठी काम करावे, असा आग्रह जगभर धरला जात आहे. अमेरिकेत २०११-१२ च्या सुमारास वॉल्टर रीड या लष्करी रुग्णालयापासून सुरू झालेला कलोपचाराचा कार्यक्रम पुढे इतर लष्करी केंद्रांत पोहोचला. मात्र उत्साही कलावंत आणि प्रशिक्षित उपचारक यांच्यात फरक कोणता, हा प्रश्न नवा नाही. कमलाबाईंचे आयुष्य म्हणजे याच प्रश्नाला मिळालेले एक प्रदीर्घ उत्तर होय.

एलिझाबेथची कमला

कमलाबाईंचा जन्म १९०० साली अमेरिकेत झाला. माहेरचे नाव एलिझाबेथ लंडी. घराणे क्वेकर पंथाचे. युद्धाला विरोध, साधी राहणी आणि सेवेवरील श्रद्धा हे या ख्रिस्ती पंथाचे विशेष मानले जातात. विष्णू निंबकर या मराठी गृहस्थांशी त्यांचा विवाह झाला आणि १९३० च्या सुमारास त्या भारतात आल्या. त्यांनी हिंदू धर्म स्वीकारला आणि कमला हे नाव धारण केले.

तो काळ मोठ्या खळबळीचा होता. मिठाच्या सत्याग्रहाने देश ढवळून निघाला होता आणि त्याच वर्षी मे महिन्यात सोलापुरात लष्करी कायदा पुकारण्यात आला होता. राज्यकर्त्यांच्या वर्णाची एक स्त्री अशा वेळी नाव आणि धर्म बदलून मराठी घरात नांदायला येते, ही घटना सामान्य नव्हती. कमलाबाईंनी मात्र पाहुणी म्हणून राहणे पत्करले नाही. पुढील जवळजवळ अर्धशतक हाच त्यांचा देश राहिला.

ज्या कार्यामुळे त्यांचे नाव झाले, ते सुरू झाले तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. संसार मांडून झालेला, मुलगा हाताशी येत असलेला. अशा वयात त्या पुन्हा अमेरिकेला गेल्या आणि विद्यार्थिनी झाल्या. शिकण्यासाठी त्यांनी निवडली ती फिलाडेल्फिया येथील व्यवसायोपचाराची शाळा.

सैनिकांच्या जखमांतून वाढलेली विद्या

ही शाळा कशी जन्माला आली, हे पाहिल्याशिवाय कमलाबाईंच्या कार्याचा अर्थ उलगडत नाही. पहिल्या महायुद्धात हात-पाय गमावलेले, लकवा झालेले आणि मनाने खचलेले सैनिक हजारोंच्या संख्येने परतू लागले. शस्त्रक्रियेने जीव वाचत होता, पण वाचलेल्या जिवाने पुढे करायचे काय, याचे उत्तर शल्यविशारदांपाशी नव्हते. तेव्हा अमेरिकन लष्कराने विणकाम, सुतारकाम, टोपल्या विणणे, मातीकाम, चित्रकला अशा कला अवगत असलेल्या स्त्रियांना भरती करून घेतले. त्यांना थोडक्या काळात शरीरशास्त्राची व रुग्णालयीन कामाची तोंडओळख करून देण्यात आली आणि त्यांची नेमणूक लष्करी रुग्णालयांत झाली. फिलाडेल्फियाची शाळा १९१८ साली याच गरजेपोटी निघाली. कलावंतांना उपचारक बनविण्याचा तो पहिल्या पिढीतला प्रयोग होता.

त्याच्या एक वर्ष आधी, मार्च १९१७ मध्ये, न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावी या विद्येच्या प्रसारासाठी संस्था स्थापन झाली होती. तिचे पहिले अध्यक्ष जॉर्ज बार्टन हे पेशाने वास्तुविशारद होते, डॉक्टर नव्हते. क्षयाने गांजलेल्या आणि डाव्या अंगाला लकवा झालेल्या बार्टन यांनी सुतारकाम व बागकाम करून स्वतःला सावरले होते. म्हणजे या विद्येच्या उगमाशीच एक रुग्ण आणि एक कलाकार एकाच देहात उभे होते.

इंग्लंडमध्येही असेच घडले. एड्रियन हिल हे चित्रकार १९३८ मध्ये क्षयरोगाच्या आरोग्यधामात पडून होते. वेळ जावा म्हणून त्यांनी तेथे चित्रे काढली, मग शेजारच्या रुग्णांना काढायला लावली. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिक त्या आरोग्यधामात येऊ लागले, तेव्हा त्यांच्यातही हे काम चालू राहिले. कलोपचार या अर्थाचा इंग्रजी शब्द त्यांनीच १९४२ मध्ये रूढ केला, असे मानले जाते.

आपल्याकडे याची जाणीव अगदीच नव्हती, असे नाही. पहिल्या महायुद्धातील जायबंदी भारतीय सैनिकांना हुन्नर शिकविण्यासाठी १९१७ साली मुंबईत क्वीन मेरीज् संस्था निघाली आणि पुढे ती पुण्याजवळ खडकीला गेली. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, पुण्यात सैन्यदलाचे कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. परंतु एका ठिकाणी रोजगाराचे शिक्षण होते, दुसऱ्या ठिकाणी कृत्रिम अवयव होता. हाताला काम देऊन तोच हात सुधारायचा, ही मधली पायरी बांधणारी माणसे तयार करण्याची सोय मात्र देशात कोठेही नव्हती. ती उणीव कमलाबाईंनी भरून काढली.

गिरणगावातील शाळा

कमलाबाईंनी कामासाठी निवडलेले ठिकाणही लक्षात घेण्याजोगे आहे. १९२६ मध्ये सुरू झालेले केईएम हे मुंबई महापालिकेचे रुग्णालय परळला, म्हणजे गिरणगावाच्या मध्यावर उभे आहे. यंत्रात हात सापडलेला कामगार, पाठीचा कणा दुखावलेला हमाल, पोलिओ झालेले मूल, अर्धांगवायूने एक बाजू लुळी पडलेला चाळकरी, असे रुग्ण तेथे येत. हाड जुळले, जखम भरली, की रुग्णालयाचे काम संपले असा तेव्हाचा रिवाज होता. पण गिरणी कामगाराच्या घरी प्रश्न वेगळाच असे. हा हात पुन्हा मागावर चालणार की नाही? चालला नाही, तर बरे झालेल्या माणसाचे घर उपाशी राहणार होते. सोलापूरच्या जुन्या गिरणीपासून आजच्या यंत्रमागापर्यंतचा अनुभव असलेल्या या शहराला त्या प्रश्नाचे गांभीर्य समजावून सांगण्याची गरज नाही.

या पार्श्वभूमीवर १९५० साली केईएममधील शाळा सुरू झाली. येथे येणाऱ्या विद्यार्थ्यांना एकीकडे शरीररचना, शरीरक्रिया, अस्थिरोग, मज्जारोग व मानसशास्त्र शिकावे लागे आणि दुसरीकडे विणकाम, सुतारकाम, मातीकाम अशी हस्तकौशल्ये आत्मसात करावी लागत. डॉक्टर मंडळींना विणकामाचे हसू येत असेल आणि कारागिराला शरीरशास्त्राची भीती वाटत असेल, तर या दोन्ही जगांत पाय ठेवणारा नवा व्यावसायिक घडवायचा, हा या शिक्षणाचा हेतू होता.

अडचण खुद्द नावापासून होती. व्यवसायोपचार हा शब्द ऐकला, की सामान्य माणसाला धंदा-व्यवसाय आठवतो. रुग्णाला काहीतरी उद्योग शिकवून पोटाला लावणे म्हणजे व्यवसायोपचार, असा गैरसमज आजही आढळतो. येथे व्यवसाय म्हणजे माणूस दिवसभरात जे जे करतो ते सारे. जेवणे, सदऱ्याची बटणे लावणे, मांडी घालून बसणे, पोळी लाटणे, लिहिणे, खेळणे, गाणे आणि अर्थातच कमावणेही.

दुसरी अडचण आपल्या समाजरचनेची होती. माती कुंभाराची, लाकूड सुताराचे, माग कोष्ट्याचा किंवा पद्मशालीचा, अशी वाटणी शतकानुशतके चालत आलेल्या देशात हाताच्या कामाला हलके समजण्याची सवय पांढरपेशांच्या अंगी मुरलेली होती. त्यांच्याच मुला-मुलींनी हातात रंधा किंवा धोटा घ्यायचा, आणि कारकुनी करणाऱ्या रुग्णानेही टोपली विणायची, हे सहजी पचणारे नव्हते. महात्मा गांधींनी १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत शिक्षणाचे केंद्र हस्तोद्योगाकडे नेण्याचा विचार मांडला होता. तो विचार शाळांमध्ये कितपत टिकला, हा वेगळा विषय आहे. रुग्णालयात मात्र हातकामाला शास्त्राची प्रतिष्ठा देण्याचे काम कमलाबाईंच्या शाळेने आरंभिले.

कापड किती आणि खांदा किती

कारागीर आणि उपचारक यांच्यातील फरक हातमागाच्या उदाहरणाने चांगला समजतो. विणकराच्या दृष्टीने माग म्हणजे कापड तयार करण्याचे साधन. व्यवसायोपचारक त्याच मागाकडे सांध्यांच्या नजरेने पाहतो. धोटा फेकताना मनगट झटकावे लागते. फणी ठोकताना कोपर आणि खांदा ताणला जातो. पायाखालच्या पट्ट्या दाबताना घोटा व गुडघा हलतो. तुटलेला धागा जोडताना अंगठा आणि तर्जनीची चिमूट लागते, शिवाय नजर व चित्त एकाग्र करावे लागते. कोणत्या रुग्णाचा कोणता स्नायू दुबळा आहे, त्यानुसार मागाची उंची बदलायची, बैठक पुढे-मागे करायची, फणीला वजन बांधायचे वा कमी करायचे. दिवसाअखेर विणकर कापड किती हात झाले ते मोजतो. उपचारक खांदा किती अंश वर गेला, याची नोंद करतो.

मातीचेही तसेच. ओला गोळा मळताना आखडलेली बोटे उघडतात. करवतीने लाकूड कापताना दंडाला बळ येते. ब्रश जाड मुठीचा केला, तर संधिवाताच्या रुग्णालाही तो धरता येतो, आणि कागद भिंतीवर उंच लावला, तर चित्र काढता काढता आखडलेला खांदा वर जातो. व्यायाम म्हणून तोच हात वीस वेळा उचलायला सांगितला, तर रुग्ण कंटाळतो. रंगवायचे आभाळ समोर असेल, तर तो मोजायचे विसरतो. हस्तकला व कला यांची उपचारातील शक्ती येथे आहे.

पण धोकाही येथेच आहे. कसलेल्या कलावंताचे मन पूर्ण आणि सुंदर कृतीकडे धावते. रुग्णाची रेघ वाकडी गेली, की ती सरळ करण्यासाठी त्याचा हात आपसूक पुढे होतो. कलाशिक्षकाला ते शोभतेही. उपचारकाने मात्र हात मागे घेऊन थांबायला शिकायचे असते, कारण त्याच्यासमोरचे खरे काम चित्र नसून चित्र काढणारा हात आहे. काम अवघड दिले तर रुग्ण खचतो, फार सोपे दिले तर त्याला आपली कीव केल्यासारखे वाटते. नेमकी पायरी ओळखणे हे नुसत्या सद्भावनेने जमत नाही. त्यासाठी शरीराचे, आजाराचे आणि मनाचे शिक्षण लागते. कमलाबाईंनी शाळा काढली ती यासाठी. सेवाभावी स्त्रियांचे एखादे मंडळ काढून वॉर्डात लोकर वाटणे त्यांना अधिक सोपे गेले असते.

संघटना आणि लेखणी

एका शाळेने व्यवसाय उभा राहत नाही, याची जाण कमलाबाईंना होती. १९५२ साली अखिल भारतीय व्यवसायोपचारक संघटना स्थापन झाली आणि तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. त्याच वर्षी इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे व्यवसायोपचारकांचा जागतिक महासंघ आकाराला आला. त्याच्या दहा संस्थापक सदस्य देशांत भारताचा समावेश होता. ज्या देशात या विषयाची पहिली शाळा सुरू होऊन दोनच वर्षे झाली होती, त्या देशाला अमेरिका, इंग्लंड, कॅनडा, स्वीडन यांच्या पंक्तीला स्थान मिळाले, यातच कमलाबाईंच्या कामाची पावती आली.

मुंबईपाठोपाठ नागपूरलाही व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू झाले. संघटनेचे नियतकालिक निघाले. पुढे आशियातील पुनर्वसनकार्याला वाहिलेले एक इंग्रजी नियतकालिकही कमलाबाईंनी चालविले. देशोदेशींच्या संस्था काय करीत आहेत, कोणती साधने स्वस्तात बनविता येतात, अपंगांसाठी कायदे कोठे झाले, अशी माहिती एकमेकांपर्यंत पोहोचविण्याचे साधन तेव्हा छापील पानाखेरीज दुसरे नव्हते. १९७९ साली कमलाबाईंचे निधन झाले. भारतातील अपंग पुनर्वसनाचा आणि व्यवसायोपचाराचा इतिहास सांगणारे त्यांचे इंग्रजी पुस्तक त्यानंतर, १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष १९८१ मध्ये साजरे झाले आणि आपल्याकडे अपंगांच्या हक्कांचा पहिला व्यापक कायदा १९९५ मध्ये आला. ते पाहण्यास त्या हयात नव्हत्या.

निंबकर कुटुंबाचे नाव पश्चिम महाराष्ट्राला आणखी एका कारणाने परिचित आहे. त्यांचे पुत्र बनविहारी निंबकर यांनी १९६८ मध्ये फलटण येथे निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन केली. स्नुषा जाई निंबकर या इंग्रजीतून लेखन करणाऱ्या कादंबरीकार आणि डॉ. इरावती कर्वे यांच्या कन्या. अमेरिकेतूनच आलेल्या आणि फलटणला कर्मभूमी मानणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्थेतर्फे १९८६ मध्ये मराठी माध्यमाची शाळा सुरू केली, तिला कमला निंबकर बालभवन असे नाव देण्यात आले. आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या सातारा जिल्ह्यात हे नाव त्यामुळे मुलांच्या तोंडी आहे. ज्यांच्यावरून ते पडले, त्यांचे कार्य मात्र वैद्यकीय वर्तुळाबाहेर फारसे पोहोचलेले नाही.

कला मागे पडली, मागणी परतली

कमलाबाईंच्या पश्चात व्यवसायोपचार वाढला, पण त्याचे रूप पालटले. पदविकेच्या जागी पदवी आली, पदव्युत्तर शिक्षण आले. महाराष्ट्रात व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेचा कायदा २००२ मध्ये झाला. लहान मुलांच्या वाढीतील अडचणी, मज्जासंस्थेचे विकार, हाताच्या शस्त्रक्रियेनंतरचे उपचार अशा शाखा विस्तारल्या. या प्रवासात माग, माती आणि टोपल्या हळूहळू विभागाच्या कोपऱ्यात गेल्या. वैद्यकशास्त्रात मान मिळवायचा, तर हस्तकलेपासून अंतर राखले पाहिजे, अशी भावना केवळ भारतात नव्हे, पाश्चात्त्य देशांतही निर्माण झाली होती. अमेरिकेत मेरी रायली यांनी १९६१ मध्येच एका गाजलेल्या व्याख्यानात आपल्या व्यवसायाने मूळ कल्पना सोडू नये, असा आग्रह धरला होता.

आता चक्र उलट फिरू लागले आहे. पूर्वी उपचारकांनी कलेकडे पाठ फिरविली, तर आज कलावंत रुग्णालयाचे दार ठोठावत आहेत. केंद्र सरकारने २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी केलेल्या कायद्याच्या अनुसूचीत व्यवसायोपचारकांबरोबरच कला, नृत्य व हालचालींद्वारे उपचार करणाऱ्यांचाही उल्लेख आहे. कला ही आरोग्यसेवेचा भाग होऊ शकते, हे कायद्याने मान्य केले. मात्र त्यासाठी शिक्षणाचा दर्जा ठरविणे, वॉर्डात प्रत्यक्ष अनुभव देणे आणि डॉक्टरांशी समन्वय राखणे, हे काम कायद्याच्या एका ओळीने होत नाही.

सोलापूरला या कामासाठी लागणारे बरेच काही आयते उपलब्ध आहे. पूर्व भागात माग जाणणारे कुशल हात आहेत. सात रस्ता परिसरात रंगभवन आहे आणि शहराला नाट्यकलेची जुनी परंपरा आहे. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याला जोडलेले छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय आहे. माजी सैनिकांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. कलावंत, रुग्ण आणि माजी सैनिक एकाच शहरात राहतात, पण त्यांची गाठ घालून देणारा प्रशिक्षित माणूस दोघांमध्ये उभा राहिला, तरच त्या गाठीला उपचार म्हणता येईल. अन्यथा वर्षातून एकदा वॉर्डात गाण्याचा कार्यक्रम होईल, छायाचित्रे निघतील आणि रुग्णाचा आखडलेला हात जागच्या जागी राहील.

चाळिशी उलटल्यावर परत वर्गातील बाकावर बसणाऱ्या कमलाबाईंनी हे ओळखले होते. त्यांच्यापाशी सेवेची वृत्ती होती, तरी त्यांनी ती पुरेशी मानली नाही. आधी स्वतः शिकल्या, मग इतरांना शिकविण्याची व्यवस्था केली आणि शेवटी ती व्यवस्था आपल्या पश्चात चालावी म्हणून संघटना उभारली. केईएममधील शाळेने पंचाहत्तर वर्षे पूर्ण केली आहेत, आणि अखिल भारतीय संघटनेच्या अधिवेशनात उत्तम शोधनिबंधासाठी त्यांच्या नावाचे पारितोषिक दिले जाते. रुग्णांसाठी काही करू इच्छिणाऱ्या चित्रकाराने, नटाने वा विणकराने आरंभ कोठून करावा, याचे उत्तर याच क्रमात आहे.